रुग्णाशी बोलणं गटात शिकायचं कसं?

वाचकांचे प्रश्न

औषध लिहून देणं हे एक काम. रुग्णाला आपल्या आजाराचा कारभार स्वतः सांभाळता यावा असं त्याच्याशी वागणं हे दुसरं. हे दुसरं काम प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर, सिस्टर, सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) ऑनलाइन गटातून एकमेकांकडून शिकू शकतात का, आणि त्या गटाची घडी कशी बसवायची, याबद्दल तुमची बरीच पत्रं आली. सारख्या आशयाची एकत्र केली आहेत. नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या तालुक्याचा व्हॉट्सॲप गट आहे. सीएचओ, मेडिकल ऑफिसर, तालुका कार्यालय मिळून साठेक जण. 'रुग्ण सक्षमीकरण' हा विषय त्यात घेऊन महिना झाला. चार पीडीएफ आल्या, दोन व्हिडिओ आले, सगळ्यांनी अंगठे दिले. पुढं काहीच नाही. चुकतंय कुठं?
— समुदाय आरोग्य अधिकारी, भंडारा जिल्हा

उत्तर : त्या गटाचं काम वेगळं आहे. परिपत्रकं, रिपोर्टच्या तारखा, लसींचा साठा यासाठी तो गट हवाच. पण ज्या गटात सकाळी 'खालील उपकेंद्रांचा रिपोर्ट अप्राप्त' अशी यादी पडते, त्याच गटात दुपारी कुणी 'माझ्या रुग्णानं गोळ्या बंद केल्या आणि मला त्याला समजावता आलं नाही' असं लिहिणार नाही. लिहिलं तर उद्या आपलंही नाव एखाद्या यादीत येईल ही भीती असते, आणि ती खोटी नाही.

म्हणून पहिली गोष्ट : नवा गट काढा, आणि तुमच्या कामाला गुण देणारी व्यक्ती त्यात ठेवू नका. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांची परवानगी घ्या, त्यांना महिन्याला एक पानाचं टिपण द्या, बैठकीसाठी कामाच्या वेळातला वेळ मागून घ्या. गटात मात्र ते नकोत. बहुतेक अधिकाऱ्यांना कारण नीट सांगितलं की पटतं.

माणसं १२ ते २०. बारापेक्षा कमी असली की दोघं रजेवर, तिघं शिबिरात, आणि आठवडा मुका जातो. विसाच्या वर गेली की 'दुसरा कुणी लिहील' म्हणून प्रत्येक जण थांबतो. सीएचओ, सिस्टर, एक-दोन मेडिकल ऑफिसर असे मिसळून घ्या. फार्मासिस्टला विसरू नका. गोळी हातात पडते ती खिडकीवर, आणि डॉक्टरसमोर गप्प बसलेला माणूस तिथं विचारतो, 'ही आयुष्यभर घ्यायची का हो?' संयोजक दोन नेमा, म्हणजे एकाच्या रजेनं गट बंद पडत नाही.

आता आठवड्याची चाल. सोमवारी एक प्रश्न टाका. एकच, आणि उद्याच्या ओपीडीत करून पाहता येईल असा. उदाहरणार्थ : 'बीपीच्या तीन रुग्णांना विचारा, मागच्या वेळी गोळी चुकली तेव्हा घरात काय चाललं होतं?' मंगळवार ते गुरुवार, लसीकरण सत्राचा दिवस सोडून, ज्याला जमेल त्यानं ते करायचं. शुक्रवारी चार ओळी लिहायच्या : मी काय विचारलं, रुग्ण काय म्हणाला (त्याच्याच शब्दांत), मी काय केलं, कुठं अडलं. चौथी ओळ लिहिल्याशिवाय नोंद पुरी धरू नका. गट शिकतो तो त्या ओळीतून. शनिवारी संयोजकानं सगळ्या नोंदी एकत्र वाचून पाच-सहा वाक्यांत सार टाकायचं. समजा तिघांनी लिहिलं की गोळ्या संपल्या होत्या पण गोळ्या मिळण्याचा वार मजुरीत जातो, तर दोष रुग्णाच्या आळसाचा नाही, आपल्या वाराचा आहे. एकेकट्या उपकेंद्रात हे दिसत नाही, तीन नोंदी शेजारी ठेवल्या की दिसतं. रविवारी गट बंद.

पंधरा दिवसांतून एकदा व्हिडिओ बैठक. झूमची मोफत बैठक ४० मिनिटांनी तुटते, गुगल मीटवर तीन किंवा जास्त माणसं असली की ६० मिनिटं मिळतात. बेत ४० चाच करा. पाच मिनिटं मागच्या वेळी ठरलेल्याचं काय झालं ते. पंधरा मिनिटं एका रुग्णाची हकिकत : पाच मिनिटं सांगणाऱ्याची, दहा मिनिटं इतरांच्या प्रश्नांची. प्रश्न आधी, सल्ला नंतर. हा क्रम मोडला की चर्चा औषधाच्या डोसवर घसरते. मग पंधरा मिनिटं दोघादोघांच्या जोड्या करून सराव : एक जण रुग्ण, एक जण डॉक्टर. शेवटची पाच मिनिटं पुढच्या पंधरवड्यात काय करून पाहायचं ते ठरवायला.

या पद्धतीचा एक मोठा दाखला आहे. न्यू मेक्सिको विद्यापीठातले डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये 'एको' हा प्रकल्प सुरू केला. हेपॅटायटिस सी या यकृताच्या आजाराच्या रुग्णांना दुरून शहरात बोलावण्याऐवजी गावच्या डॉक्टरांना ते दर आठवड्याला व्हिडिओवर भेटत. गावचा डॉक्टर आपला रुग्ण मांडे, तज्ज्ञ आणि इतर गावचे डॉक्टर त्यावर बोलत, आणि उपचार गावचा डॉक्टरच करत राही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४०७ रुग्णांच्या अभ्यासात विद्यापीठाच्या दवाखान्यात ५७.५ टक्के आणि गावोगावच्या केंद्रांत ५८.२ टक्के रुग्ण बरे झाले. तुमच्या उपयोगाचा भाग असा : तज्ज्ञानं रुग्ण आपल्या ताब्यात घेतला नाही. तुमच्या गटात मेडिकल ऑफिसरनी सीएचओच्या बाबतीत हेच पाळायचं आहे. आणि सीएचओनं रुग्णाच्या बाबतीत.

असे गट बहुधा महिन्या-दीड महिन्यात मंदावतात. एक कारण संयोजक स्वतः असतो. कुणी अडचण लिहिली की तो अर्ध्या तासात पूर्ण, बरोबर उत्तर टाकतो, आणि मग बाकीच्यांना बोलण्यासारखं काही उरत नाही. तातडीची बाब नसेल तर पहिले २४ तास संयोजकानं उत्तर द्यायचं नाही, फक्त विचारायचं : 'असा रुग्ण आणखी कोणाकडे आहे?' दुसरं कारण पीडीएफ. त्यांवर सरळ बंदी घाला. ज्याला कागद वाटून घ्यायचा असेल त्यानं त्यातली एक गोष्ट स्वतः करून पाहावी आणि तीच लिहावी.

प्रश्न : रुग्णाला निर्णयात सामील करा असं प्रशिक्षणात सांगतात. मी विचारते, 'काय करूया काका?' तर काका म्हणतात, 'तुम्हीच सांगा सिस्टर, आम्हाला काय कळतंय.' मग पुढं काय? आणि हे ऑनलाइन शिकता तरी येईल का?
— परिचारिका, प्राथमिक आरोग्य केंद्र, सातारा जिल्हा

उत्तर : तुमच्या प्रश्नात काकांची चूक नाही. 'काय करूया' हा प्रश्न इतका मोकळा आहे की त्याला उत्तर देण्याइतकी माहिती त्यांच्याजवळ नाही. रिकामा प्रश्न विचारणं म्हणजे अधिकार देणं नव्हे. त्यानं माणूस उलट संकोचतो. निवडण्यासारखे दोन-तीन पर्याय समोर ठेवा, प्रत्येकाचा फायदा आणि त्रास एकेका वाक्यात सांगा, आणि मग विचारा, 'यातलं तुमच्या घरात कुठलं चालेल?'

मीठ घ्या. 'मीठ कमी करा' यावर सगळे मान डोलावतात. त्याऐवजी : 'लोणचं-पापड बंद करता येईल, की ताटात वरून घ्यायचं मीठ बंद करता येईल, की सुकट आठवड्यातून एकदाच?' काका बहुतेक एक निवडतील, कारण ताट त्यांचं आहे आणि ताटाबद्दल त्यांना कळतं. मोजायचं साधनही द्या. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, आहे. चार माणसांच्या घरात दिवसाला २० ग्रॅम झालं, म्हणजे एक किलोचा पुडा ५० दिवस पुरायला हवा. महिन्यात संपत असेल तर मीठ जास्त जातंय हे त्यांच्या घरच्या माणसांना आपोआप कळेल, तुम्हाला पुन्हा सांगावं लागणार नाही. पुडा उघडला त्या दिवशी त्यावर पेनानं तारीख टाकायला सांगा. रक्तदाबाच्या रुग्णाच्या हाती आपण देऊ शकतो अशा साधनांपैकी हे फार चांगलं आणि फुकटचं साधन आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे परत सांगायला लावणं. 'समजलं का?' या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर आहे : 'हो.' नाही म्हणणं म्हणजे सिस्टरचा अपमान असं लोकांना वाटतं. म्हणून परीक्षा त्यांची नको, आपली घ्या. 'मी घाईघाईत सांगितलं, नीट सांगितलं का ते बघायचंय. घरी गेल्यावर सूनबाईंनी विचारलं तर गोळीबद्दल काय सांगाल?' मग गप्प बसा. दहा सेकंदं शांतता जड वाटते, तरी गप्पच बसा. उत्तरात जे निसटलं तेवढंच पुन्हा सांगा आणि पुन्हा एकदा विचारा.

अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम ही बीपीची गोळी सुरू केलेल्या रुग्णाच्या तोंडून तीन गोष्टी आल्या पाहिजेत : बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी थांबवायची नाही, कारण ते गोळीमुळेच नॉर्मल आहे, पायाला सूज आली तर आपण होऊन बंद न करता येऊन दाखवायचं, गोळ्या संपायच्या चार दिवस आधी यायचं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड या साखर उतरवणाऱ्या गोळीवर असलेल्या मधुमेहीकडून साखर उतरल्याची खूण (घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होणं) आणि उपाय ऐका : तीन चहाचे चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांत बरं वाटलं नाही किंवा तपासणीत ७० च्या खालीच राहिली तर पुन्हा तेवढीच, आणि बरं वाटल्यावर जेवण. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नाही, १०८ ला फोन करायचा. ही शेवटची गोष्ट रुग्णाच्या घरच्यांकडून ऐकायची, कारण तेव्हा रुग्ण बोलू शकणार नसतो.

एवढ्या सगळ्यांत एका भेटीला एकच गोष्ट घ्या. तिन्ही एकदम विचारल्या तर ती तोंडी परीक्षा होते.

आता ऑनलाइन जमतं का. माहिती सांगून हे जमत नाही, सराव करून जमतं. गटात तीस-चाळीस सेकंदांचा व्हॉइस मेसेज टाका : 'अ‍ॅम्लोडिपिनबद्दल मी असं विचारते.' खऱ्या रुग्णाचा आवाज नको, सहकारी रुग्ण झाली तरी चालतं. बाकीच्यांनी दोनच गोष्टी सांगायच्या : कुठलं वाक्य ते उचलणार, आणि कुठला शब्द त्यांच्या भागात कळणार नाही. 'उच्च रक्तदाब नियंत्रणात आहे' हे कुणाला कळतं आणि 'बीपी आटोक्यात आहे' हे कुणाला, ते अशानेच समोर येतं. एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात गेलं की शब्द बदलतात, आणि हे कुठल्याही छापील प्रशिक्षणात मिळत नाही. गटात अशी वाक्यं साठत गेली की दोन महिन्यांत तीस-चाळीस वाक्यांची स्वतःची वही होते. ती छापून ओपीडीच्या टेबलावर काचेखाली ठेवा.

एक सावधगिरी. रुग्णानं 'तुम्हीच ठरवा' म्हणून पर्याय ऐकल्यावरही निर्णय तुमच्यावर सोडला, तर तो त्याचा निर्णय आहे. मग ठरवा, आणि का ठरवलं ते सांगा.

प्रश्न : गटात मी रुग्णाचा ईसीजी किंवा केसपेपरचा फोटो नाव खोडून टाकतो. यात कायद्याची अडचण आहे का?
— खाजगी डॉक्टर, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : नाव खोडलं म्हणजे ओळख पुसली असं होत नाही. तीन ठिकाणी घोळ होतो.

फोनमधल्या मार्करनं नाव गिरवलं तर ती शाई कित्येकदा अर्धपारदर्शक असते. फोटोचा उजेड वाढवला की खालचं नाव वाचता येतं. खोडू नका, तो भाग कापून टाका, किंवा कोरा कागद वर ठेवूनच फोटो काढा. दुसरं, नाव गेलं तरी केसपेपरच्या कोपऱ्यात मोबाइल नंबर, आभा (डिजिटल आरोग्य खात्याचा) क्रमांक, बारकोड राहतो. एक्स-रे आणि सोनोग्राफीच्या फिल्मवर वरच्या पट्टीत नाव असतं. तिसरं सर्वात निसटतं : मजकूर. 'अमुक पाड्यावरची ३४ वर्षांची डायलिसिसवरची बाई' असं लिहिलं की नावाची गरजच उरत नाही, तालुक्याला कळतं. वय दशकात सांगा ('तिशीतली'), गाव गाळा, दुर्मीळ आजार असेल तर तालुकाही गाळा. प्रश्नाला जेवढं लागतं तेवढंच.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नीतिनियमांनुसार रुग्णाची गुपितं राखणं ही डॉक्टरची जबाबदारी आहे, आणि ओळख पटेल असा फोटो किंवा केसचा अहवाल त्याच्या परवानगीशिवाय प्रसिद्ध करता येत नाही. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदाही डोळ्यांसमोर ठेवा. म्हणून रुग्णाला सांगूनच विचारा : 'तुमचं नाव न सांगता दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घेऊ का?' होकाराची ओळ केसपेपरवर तारखेसह लिहा. तिला अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ लागत नाही. रुग्णाच्या हक्कांचा गट चालवायचा आणि त्याला न विचारता त्याचा कागद फिरवायचा, हे एकत्र नांदू शकत नाही.

सेटिंग्जमध्ये तीन गोष्टी करा : फोटो आपोआप डाउनलोड होणं बंद, गॅलरीत दिसणं बंद (नाहीतर घरातलं मूल फोन हाताळताना रुग्णाची जखम बघतं), आणि गटातले संदेश आपोआप नाहीसे होण्याची मुदत ९० दिवस. बदली होऊन गेलेल्यांना दर तीन महिन्यांनी गटातून वगळा.

आणि तातडीची बाब गटात विचारायची नाही. छातीत दुखणं, अर्धांग लुळं पडणं, गरोदरपणात फिट येणं यासाठी थेट फोन आणि १०८. हा नियम गटाच्या वर्णनातच लिहून ठेवा, कारण कुणी उत्तर देईल या आशेवर गेलेली वीस मिनिटं परत मिळत नाहीत.

प्रश्न : माझ्याकडे २२ आशाताई आहेत. निम्म्या पाड्यांवर रेंज नाही. बऱ्याच जणींना मराठीत टाइप करायला जड जातं, घरी बोलतात ती भाषा पावरी. त्यांना अशा ऑनलाइन गटात कसं घेऊ? की तो नादच सोडू?
— आशा गटप्रवर्तक, नंदुरबार जिल्हा

उत्तर : नाद सोडू नका, साधन बदला. टाइप करण्याची अपेक्षाच काढून टाका. एक मिनिटाच्या आतला व्हॉइस मेसेज, पावरीतच. तुम्हाला किंवा एखाद्या आशाताईला दोन्ही भाषा येत असतील तर महिन्यातले चांगले तीन निवडून मराठीत सांगा, म्हणजे सिस्टर आणि डॉक्टरांनाही ऐकता येतील. इथं डॉक्टर आशाताईकडून शिकतात, हा मुद्दा डॉक्टरांनाही स्पष्ट सांगा. घरात गोळ्या कोण ठेवतं, भगताकडे आधी का गेले, माहेरी गेलेली सून औषध का नेत नाही, हे फक्त तिला माहीत असतं.

रेंजचं असं करा. पाड्यावर फोनमध्ये नुसतं रेकॉर्ड करायचं, पाठवायचं ते बाजाराच्या दिवशी किंवा केंद्रावर आल्यावर. तुमचा गट 'आत्ता' चालणारा नाही, आठवड्यानं चालणारा आहे असं धरा. मासिक सभेत पहिली ३० मिनिटं याला द्या, तीही हजेरी आणि रजिस्टरच्या आधी, कारण नंतर वेळ उरत नाही. स्पीकरवर तीन मेसेज ऐकवा आणि विचारा : 'तू असतीस तर काय म्हणाली असतीस?' व्हिडिओ बैठकीचा हट्ट आशाताईंसाठी धरू नका. त्यात त्यांचा डेटा जातो आणि संध्याकाळचा स्वयंपाकाचा वेळ जातो. रिचार्जचे पैसे कोण देणार हे आधी ठरवा, ताईंच्या खिशातून ते जाऊ नयेत.

सुरुवातीचा विषय त्या आधीच करतात त्या कामातून घ्या. तिशीवरच्या माणसांचा सीबॅक फॉर्म, म्हणजे बीपी-मधुमेहासारख्या आजारांचा धोका गुणांनी जोखणारा कागद, त्या भरतात. त्यात बेरीज ४ च्या वर गेली की त्या माणसाला आधी तपासणीला आणायचं असतं. 'बेरीज ६ आली, हे त्या माणसाला कोणत्या शब्दांत सांगितलं, आणि तो आला का?' एवढा एकच प्रश्न महिनाभर पुरेल.

गप्प राहणाऱ्या ताईंना यादीतून काढू नका. ऐकत राहून शिकणं हेही शिकणंच आहे. महाराष्ट्रात ही परंपरा इंटरनेटच्या फार आधीची आहे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं, तेव्हा गावोगावच्या कमी शिकलेल्या आरोग्यसेविका आठवड्याला जामखेडला जमत आणि एकमेकींच्या अनुभवातून शिकत. तुमच्या व्हॉइस मेसेजचं मूळ तिथं आहे.

प्रश्न : कुणी गटात 'मधुमेह मुळापासून बरा' अशी जाहिरात टाकली तर काय करावं? टाकणारा ज्येष्ठ आहे.
— वैद्यकीय अधिकारी, लातूर जिल्हा

उत्तर : संदेश काढा, माणसाला नाही. संयोजकानं आधी त्यांना फोन करून सांगावं, मग गटात एकच ओळ : 'असा संदेश रुग्णाच्या हाती आला तर तो इन्सुलिन बंद करू शकतो, म्हणून काढला.' त्यापुढं मात्र त्याचा विषय करा, कारण हीच जाहिरात तुमच्या रुग्णांनीही पाहिलेली असते. पुढच्या सोमवारचा प्रश्न : 'रुग्णानं ही जाहिरात दाखवली तर त्याला न हिणवता काय म्हणाल?'

प्रश्न : गटाला सहा महिने झाले. वरिष्ठ विचारतात, फायदा काय? किती संदेश आले ते मी सांगू शकतो. आणखी काय मोजावं?
— तालुका समन्वयक, असंसर्गजन्य रोग कार्यक्रम, वर्धा जिल्हा

उत्तर : संदेश मोजू नका. तो आकडा मागितला की तो वाढतो आणि नोंदी पोकळ होतात.

तीन पातळ्यांवर मोजा. पहिली कर्मचाऱ्यांची दृष्टी. 'रुग्णानं किती विचारावं, निर्णयात त्याचा वाटा किती' यावर १८ विधानांची एक प्रश्नावली जगभर वापरली जाते. प्रत्येक विधानाला सहा पायऱ्यांवर सहमती नोंदवायची असते. स्पेनमध्ये कॅटालोनिया, माद्रिद आणि कॅनरी बेटांवरच्या प्राथमिक केंद्रांतल्या डॉक्टर-परिचारिकांसाठी असाच ऑनलाइन गट चालवून हीच प्रश्नावली वापरली गेली. पण स्वतःबद्दल लोक बरंच चांगलं लिहितात, त्यामुळे हे एकटं पुरेसं नाही.

दुसरी, रुग्णाला काय वाटलं. यासाठी तीन प्रश्नांचं छोटं साधन आहे : तुमचा आजार समजावून सांगायला किती प्रयत्न केला, तुम्हाला काय महत्त्वाचं वाटतं ते ऐकून घ्यायला किती, आणि पुढं काय करायचं ते ठरवताना ते लक्षात घ्यायला किती? प्रत्येकाला ० ते ९ गुण. मोजताना सरासरी काढू नका. तिन्हींना ९ दिलेले रुग्ण किती, हे टक्क्यांत काढा, कारण आपल्याकडे ७-८ हे शिष्टाचाराचे गुण असतात. विचारणारी व्यक्ती तपासणाऱ्यापेक्षा वेगळी हवी आणि विचारायचं ते आवाराबाहेर. सिस्टरनंच विचारलं तर उत्तर ठरलेलं. अंकांची सवय नसलेल्यांसाठी नऊ खडे ठेवा आणि त्यातले उचलायला सांगा. दर केंद्रामागे २५ रुग्ण, गट सुरू होण्याआधी आणि सहा महिन्यांनी. तुम्ही आधी मोजलेलं नाही, म्हणून आता मोजा आणि हीच सुरुवात धरा. जुना आकडा अंदाजानं भरू नका.

रुग्णाची सक्रियता मोजणारी १३ प्रश्नांची एक प्रसिद्ध प्रश्नावलीही आहे, पण ती परवान्याशिवाय वापरता येत नाही. स्वतः भाषांतर करून छापू नका.

तिसरी पातळी आजाराची. तुमचा जिल्हा भंडारा, सातारा आणि सिंधुदुर्गाबरोबर उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या जिल्ह्यांत होता, त्यामुळे पद्धत ओळखीची असेल : नोंदवलेल्यांपैकी शेवटच्या भेटीत बीपी १४०/९० च्या खाली असलेले किती. जे गेल्या तीन महिन्यांत आलेच नाहीत त्यांना छेदात ठेवा. त्यांना गाळलं की टक्केवारी सुंदर दिसते आणि गटाचा मूळ प्रश्नच, म्हणजे रुग्ण येणं का थांबवतो, कागदावरून नाहीसा होतो. आणि बीपी मोजण्याची रीत सगळ्या केंद्रांत एक करून घ्या : ३० मिनिटं चहा-तंबाखू नाही, ५ मिनिटं पाठ टेकून बसणं, पाय जमिनीवर आणि मांडी किंवा अढी न घालता, दंड हृदयाच्या पातळीला, मोजताना बोलणं बंद, एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा. नाहीतर बदल बोलण्यानं झाला की स्टुलाऐवजी खुर्ची आल्यानं, हे कळणार नाही.

सहा महिन्यांत नियंत्रणाचा आकडा हलेलच असं वरिष्ठांना कबूल करू नका. गोळ्यांचा पुरवठा तुटला तर कितीही चांगलं बोललं तरी तो खाली येतो. त्या तिमाहीत साठा किती दिवस शून्य होता तेही शेजारी लिहा.

प्रश्न : गटात भाग घेतल्याचे महाराष्ट्र वैद्यक परिषदेचे क्रेडिट पॉइंट मिळतात का?
— डॉक्टर, पुणे

उत्तर : नुसत्या व्हॉट्सॲप गटाचे नाहीत. डॉक्टरकीच्या नोंदणीच्या नूतनीकरणाला पाच वर्षांत असे ३० पॉइंट लागतात, आणि ते परिषदेची आधी मान्यता घेतलेल्या कार्यक्रमांचे धरले जातात. तुमच्या पंधरवडी बैठकींपैकी काही एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेमार्फत घेता येतात. अर्ज बैठकीच्या आधी जायला हवा, नंतर केलेला चालत नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, १९ वर्षं मधुमेही. डॉक्टर लोक आमच्याशी कसं बोलायचं ते आमच्याशिवाय शिकणार का? आम्हाला त्या गटात जागा आहे का?
— रत्नागिरी

उत्तर : जागा हवीच. रोजच्या गटात नाही, कारण तिथं इतर रुग्णांच्या हकिकती असतात आणि कर्मचाऱ्यांना आपली चूक मोकळेपणानं लिहिता यायला हवी. पण महिन्यातल्या एका बैठकीत पहिली २० मिनिटं रुग्णांना द्यावीत असं आमचं सगळ्या संयोजकांना सांगणं आहे. एकटा रुग्ण बोलावू नका, दोघं बोलवा. एकटा माणूस डॉक्टरांच्या बैठकीत आभार मानून मोकळा होतो. ज्या केंद्रातून तो औषध घेतो तिथल्या कर्मचाऱ्यांसमोर त्याला बसवू नका, दुसऱ्या तालुक्यातला बोलवा. मजुरी बुडत असेल तर ती द्या. आणि 'तुमचा अनुभव सांगा' असं न म्हणता नेमकं विचारा : 'इन्सुलिन सुरू करायचं म्हटलं तेव्हा कुठलं वाक्य ऐकून तुम्ही घाबरलात? काय सांगितलं असतं तर आठवडाभर आधी सुरू केलं असतं?'

रुग्णांनी रुग्णांना शिकवण्याचे वर्ग अमेरिकेत स्टॅनफर्डला केट लॉरिग यांनी उभे केले, आणि त्यात शिकवणारे स्वतः दीर्घ आजाराचे रुग्ण असतात. आपल्याकडे २००७ पासून लोकाधारित देखरेख प्रक्रियेत गावकऱ्यांनी जनसुनवाईत आरोग्य केंद्राला जाहीर प्रश्न विचारले आहेत. पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि तेव्हाचा उस्मानाबाद हे त्याचे पहिले जिल्हे. तुमच्या उपकेंद्राची जन आरोग्य समिती असेल. तिच्या पुढच्या बैठकीला जा आणि विचारा की केंद्रातले कर्मचारी असा गट चालवतात का, आणि त्यात रुग्णाला कधी बोलावतात.

तोवर स्वतःसाठी दोन गोष्टी. पुढच्या भेटीला जाताना तीन प्रश्न कागदावर लिहून न्या आणि तपासणी सुरू होण्याआधीच कागद टेबलावर ठेवा; शेवटी काढलात तर डॉक्टर पुढचा रुग्ण बोलावून बसलेले असतात. आणि तुमच्या कागदपत्रांची प्रत मागा. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नीतिनियमांनुसार अर्ज दिल्यापासून ७२ तासांच्या आत ती द्यावी लागते. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.